ब्लॅक्टन, जेम्स स्टुअर्ट

(५ जानेवारी १८७५–१३ ऑगस्ट १९४१). व्हॉडव्हिलच्या मंचावरून चित्रपटात आलेले अमेरिकन चित्रकार व दिग्दर्शक. व्हायटाग्राफ कंपनीचे एक संस्थापक आणि ॲनिमेशनचे आद्य कारागीर. जन्म इंग्लंडमधील शेफील्डचा. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते कुटुंबासह अमेरिकेत आले.

व्हॉडव्हिल म्हणजे गाणी, जादू, कसरती, नकला असे सुटे प्रवेश एकापाठोपाठ दाखवणारा तिकिटाचा खेळ. त्यात ब्लॅक्टन झटपट चित्रे काढत, तर त्यांचे सहकारी अल्बर्ट स्मिथ जादूचे प्रयोग करत. झटपट चित्राला नुसता वेगवान हात पुरत नाही. चित्रकाराला कागदाच्या बाजूला उभे राहून काढावे लागते, नाहीतर त्याची पाठच प्रेक्षकांना दिसते. रेघ मागच्या रांगेपर्यंत पोहोचेल इतकी जाड हवी. अवघड आकाराच्या पुसट खुणा बरेच कलाकार आधीच करून ठेवत; त्या दुरून दिसत नाहीत. खरी मेख शेवटच्या रेघेत असते : तोंडाचा कोपरा एका फटकाऱ्यात वर वळला की रडका चेहरा हसू लागतो. ही रेघ लवकर ओढली गेली तर पुढे दाखवायला काही उरत नाही.

१८९६ मध्ये ‘न्यूयॉर्क ईव्हनिंग वर्ल्ड’चे चित्रकार म्हणून ते एडिसनना भेटले. एडिसनच्या स्टुडिओत त्यांच्या झटपट चित्रांचे चित्रण झाले आणि ते सिनेमाकडे वळले. पुढच्याच वर्षी स्मिथ यांच्या भागीदारीत व्हायटाग्राफ उभी राहिली. मॅनहॅटनमधील नॅसॉ स्ट्रीटवरच्या इमारतीची गच्ची हा त्यांचा पहिला स्टुडिओ, प्रकाश उन्हाचाच.

१९०० मधील ‘द एन्चांटेड ड्रॉइंग’मध्ये ब्लॅक्टन कागदावर एक चेहरा काढतात, शेजारी बाटली नि पेला काढतात आणि ती बाटली चक्क हातात उचलून घेतात. कागदावरचा चेहरा लगेच रुसतो. युक्ती अशी : हात बाटलीच्या चित्रापाशी आला की कॅमेरा थांबवायचा, चित्राच्या जागी बाटली नसलेला कागद आणि हातात खरी बाटली द्यायची, मग पुन्हा हँडल फिरवायचे. मधल्या वेळात चित्रकाराने पुतळ्यासारखे उभे राहायचे. कोपर बोटभर सरकले तरी पडद्यावर झटका बसतो. ऊन ढगाआड गेले तर जोड उघडी पडते. शिवाय हँडल थांबताना नि सुरू होताना फिल्म संथ सरकते, त्या चौकटींवर जास्त प्रकाश पडून त्या फिक्या येतात. त्या कापून टोके जोडावी लागतात.

१९०६ च्या ‘ह्यूमरस फेजेस ऑफ फनी फेसेस’मध्ये पुढची पायरी दिसते. तिथे फळ्यावर खडूचे चेहरे आपोआप उमटतात. डोळे फिरतात, पुरुष चिरुटाचा धूर सोडतो आणि त्यात बाईचा चेहरा झाकून जातो. थोडी रेघ, थोडे चित्रण, पुन्हा थोडी रेघ, असे हे काम. तेव्हाच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी जात, सेकंदाला साधारण सोळा. इतक्या चौकटींसाठी खडू पुसत बसणे जिकिरीचे, म्हणून विदूषकाच्या प्रवेशात कागदी कापीव हातपाय वापरले आहेत; ते नुसते सरकवले की झाले. नीट पाहिले तर रेखाटलेल्या नि कापलेल्या हालचालींतला फरक कळतो. मंचावर हाताचे कसब दाखवून टाळ्या मिळवणाऱ्या ब्लॅक्टननी इथे तो हातच बहुतेक ठिकाणी दिसेनासा केला, आणि हेच त्यांचे सर्वांत मोठे काम आहे. ‘द हॉन्टेड हॉटेल’मध्ये (१९०७) सुरी आपोआप पाव कापते, फ्रेंच चित्रपटकारांना त्या युक्तीने चक्रावून सोडले.

जादूगाराचे कसब सिनेमाला उपयोगी पडल्याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. दादासाहेब फाळके ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करत, आणि १९१२ मध्ये रोप उगवतानाची चित्रे ठरावीक अंतराने घेऊन त्यांनी त्याची वाढ पडद्यावर दाखवली.

ब्लॅक्टन यांनी १९१७ मध्ये व्हायटाग्राफ सोडली. इंग्लंडमध्ये त्यांनी ‘द ग्लोरियस ॲडव्हेंचर’ (१९२२) हा रंगीत चित्रपट केला. १९२५ मध्ये व्हायटाग्राफ वॉर्नर बंधूंना विकली गेली. १९२९ च्या मंदीनंतर ब्लॅक्टन यांची पुंजी संपली. हॉलिवूडमध्ये वाहनाच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला. ब्रुकलिनमधला व्हायटाग्राफचा स्टुडिओ मात्र बोलपटांच्या काळातही चालू होता. व्हॉडव्हिलचे गायक नि विनोदवीर तिथे येऊन आपले प्रवेश आवाजासकट चित्रित करून घेत.