येरवड्यात शिकलेलं समाजकार्य बाहेर का चालत नाही: पार्श्वभूमी

येरवडा कारागृहातलं कामाचं शिक्षण म्हटलं की पुणेकरांना सुतारकाम, हातमाग आणि बंद्यांनी तयार केलेल्या, विक्रीला येणाऱ्या वस्तू आठवतात. त्याच भिंतींआड आणखीही कामं चालतात. निरक्षर बंद्याला अर्ज लिहून देणं, आजाऱ्याची शुश्रूषा करणं, साक्षरता वर्ग घेणं, पहिल्यांदाच आत आलेल्या पोराला धीर देणं. बाहेर अशा कामांसाठी सामाजिक संस्था शिकलेली माणसं पगारावर नेमतात. आत ती कारागृहाच्या रोजच्या व्यवस्थेत जमा होतात आणि सुटून येणाऱ्याच्या हातात त्याचा कागद क्वचितच असतो.

येरवड्याचं कारागृह 1871 चं. त्यानंतर आलेल्या 1894 च्या कारागृह अधिनियमाचा भर शिस्त, मजुरी आणि शिक्षा यांवर होता. बंद्यांवर देखरेखीचं काम बंद्यांनाच देण्याची पद्धत त्या कायद्याने मान्य केली. इतकंच नव्हे, असं काम पाहणारा बंदी दंड संहितेच्या दृष्टीने लोकसेवक ठरेल, असंही त्यात लिहिलं. म्हणजे जबाबदारीचं काम बंद्याला देता येतं हे इंग्रजांनाही पटलेलं होतं; फक्त ते काम पहाऱ्याचं होतं. 1919-20 च्या भारतीय तुरुंग समितीने सुधारणा आणि पुनर्वसन हे तुरुंगाचं उद्दिष्ट असावं, असं सांगितलं. प्रत्यक्षात पुढची कित्येक दशकं पुनर्वसनाचा अर्थ कारखान्यातलं काम एवढाच राहिला.

समाजकार्याचं शिक्षण याच काळात दुसऱ्या वाटेने वाढत होतं. मुंबईत ते 1936 ला सुरू झालं, पुण्यात 1963 ला. विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे लोकांत प्रत्यक्ष काम करून शिकण्यासाठी, कारागृहांत जाऊ लागले, बंद्यांच्या कुटुंबांना भेटू लागले. हे काम मोलाचं आहे. पण त्या मांडणीत बंदी कायम लाभार्थीच राहिला. आठ-दहा वर्षं बराकीत काढलेल्या माणसाला जामीन, संचित रजा (शिक्षेच्या काळात ठरावीक दिवस घरी जाण्याची सवलत), घरी एकट्या पडलेल्या बायकोची अडचण यांतलं जे कळतं, ते शिकवण्याजोगं ज्ञान आहे हे अभ्यासक्रमांनी फारसं ओळखलं नाही. मुक्त विद्यापीठांमुळे आतून पदवी घेणं शक्य झालं. समाजकार्यात मात्र क्षेत्रकार्य अनिवार्य असतं, आणि ते करायला सक्तमजुरीचा बंदी वस्तीत जाणार कसा? कारागृहालाच क्षेत्र मानणं हा साधा उपाय होता.

मजुरीचा प्रश्न 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, निदान कागदावर. सक्तमजुरीच्या बंद्याला काम लावणं वैध आहे, मात्र त्याला न्याय्य वेतन द्यावं आणि त्यातला काही भाग गुन्ह्याच्या पीडितांसाठी बाजूला काढावा, असं न्यायालयाने सांगितलं. दर ठरवताना कुशल, अर्धकुशल आणि अकुशल ही जुनी विभागणी कायम राहिली. करवत चालवणारा कुशल ठरतो हे लगेच कळतं. रात्रभर आत्महत्येच्या विचारात असलेल्या सोबत्याजवळ बसणारा कोणत्या रकान्यात जातो?

खरा पेच 2009 च्या निर्णयात आहे. गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा यंत्रणेने त्या वर्षी विधी स्वयंसेवकांची, म्हणजे वकील नसलेल्या पण कायद्याचं प्राथमिक प्रशिक्षण घेतलेल्या मदतनिसांची, योजना आणली आणि पात्र गटांमध्ये, दीर्घ शिक्षा भोगणाऱ्या, शिकलेल्या आणि चांगल्या वर्तनाच्या बंद्यांचा स्पष्ट उल्लेख केला. बंद्याला इतरांच्या सेवेसाठी रीतसर प्रशिक्षण आणि ओळख देणारी इतकी स्पष्ट तरतूद देशपातळीवर त्याआधी नव्हती. आतल्या विधी सहाय्य केंद्रात बसून तो कच्च्या कैद्यांचे अर्ज लिहू लागला, तारखांची नोंद ठेवू लागला. देशातल्या बंद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश न्यायाधीन, म्हणजे खटला अजून न संपलेले कच्चे कैदी आहेत, हे लक्षात घेतलं की या कामाचं वजन कळतं.

पण त्याला नोकरीचं प्रशिक्षण म्हटलं गेलं नाही. स्वयंसेवक, आणि कामाच्या दिवसापुरतं मानधन. त्यामागे काही कारणं होती. पगारी पद केलं तर सेवानियम, आरक्षण, भरतीचे प्रश्न येणार. बंद्याच्या हाती अधिकार गेला तर जुन्या पहारेकरी पद्धतीतली दादागिरी परत येईल, ही भीतीही निराधार नव्हती. तरीही दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला जास्त पटतं. बाहेरचा स्वयंसेवक आपली नोकरी सांभाळून हे काम करतो. बंद्याकडे दुसरी नोकरीच नाही. त्याच्यासाठी हे काम पुढच्या आयुष्याची तयारी ठरू शकलं असतं. त्यात योजनेतच एक विसंगती राहिली: शिक्षा झालेला बंदी पात्र, आणि गुन्ह्याचा आरोप झालेल्या स्वयंसेवकाला काढून टाकण्याची तरतूदही तिथेच. सुटल्यावर त्याने आपलं ओळखपत्र कोणाला दाखवायचं, याचा विचार योजनेत दिसत नाही.

बाहेर आल्यावर अडवते ती चारित्र्य पडताळणी. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उमेदवाराने माहिती खरी द्यावी आणि नियोक्त्याने गुन्ह्याचं स्वरूप, पदाचं स्वरूप पाहून निर्णय घ्यावा. सरसकट नकार बंधनकारक नाही. तरी अनुदानावर चालणाऱ्या कित्येक संस्था धोका नको म्हणून अर्जच बाजूला ठेवतात. बालकांसोबतच्या कामात कडक चाळणी हवीच. व्यसनमुक्ती केंद्रात किंवा सुटलेल्या बंद्यांच्या मदत कक्षात मात्र त्याचा भूतकाळ उपयोगी पडू शकतो.

ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावल्यांतली जातीवर आधारित कामवाटणी रद्द केली. स्वयंपाक कोणाकडे आणि झाडू कोणाकडे, हे त्या नियमांनी ठरत होतं. काम कोण करतो यावरून त्याचं मोल ठरवण्याची सवय तिथूनच आलेली आहे, आणि सेवेची कामं तिच्याखाली सर्वांत जास्त दबली. केंद्राने 2023 मध्ये कारागृहांसाठी नवा आदर्श (नमुना) कायदा राज्यांपुढे ठेवला असून त्यात पुनर्वसन आणि सुटकेनंतरचा पाठपुरावा आहे. कारागृह हा राज्याचा विषय असल्याने तो स्वीकारायचा की नाही हे राज्यावर आहे. येरवड्यात सेवेचं काम करणाऱ्याला बाहेर चालेल असं प्रमाणपत्र देण्यासाठी त्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. पुण्यातले समाजकार्याचे अभ्यासक्रम आणि कारागृह प्रशासन यांच्यात करार झाला, तर आत केलेले तास क्षेत्रकार्यात मोजता येतील.