मेंदूच्या नसा बघायच्या, पण कशाने?

भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून जास्त, आणि तिथून नागपूर जवळपास तेवढंच. पर्लकोटा नदीला पूर आला की पहिला टप्पाच बंद. लकव्यात मेंदूच्या नसेतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मात्र साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. 'सर्च' संस्थेच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गडचिरोलीतल्या खेड्यांमध्ये दर सात मृत्यूंमागे एक लकव्याने झालेला आढळला. ही माणसं बहुतेक घरीच दगावली.

दवाखान्यात पोचलं की नातेवाईक म्हणतात, "डॉक्टर, एकदाचा एमआरआयच काढा." महाग ती तपासणी चांगली, हा समज इथे नडतो. पहिल्या तासात एकच प्रश्न असतो: नस फुटली की तुंबली? फुटली असेल तर ते इंजेक्शन जीवावर बेतेल. सांडलेलं रक्त साध्या सीटीत लगेच पांढरं दिसतं, तेही काही सेकंदांच्या स्कॅनमध्ये. गुठळीने झालेली इजा सुरुवातीच्या तासांत सीटीत बहुधा दिसत नाही. म्हणून एक अंग लुळं आणि सीटी कोरी, हा रिपोर्ट निरुपयोगी नसतो. इंजेक्शनचा विचार तिथूनच सुरू होतो. एमआरआय ती इजा फार लवकर दाखवतो, पण त्याला वेळ लागतो आणि रोग्याला निपचित पडून राहावं लागतं.

गुठळी नेमकी कुठे, हे बघायचं तर नसा उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून आयोडीनचं औषध सोडून सीटी अँजिओग्राफी करतात. मोठी नस तुंबली असेल तर तार घालून गुठळी ओढून काढता येते, त्यासाठी हा नकाशा हवाच. मूत्रपिंड अधू असेल तर औषध जपून द्यावं लागतं. एमआर अँजिओग्राफी (एमआरए), म्हणजे एमआरआय यंत्रावरची नसांची तपासणी, अशा औषधाशिवायही होते. ती वाहतं रक्त टिपते, नसेची भिंत नव्हे. अरुंद जागी रक्त घुसळलं की तिथली खूण पुसट होते आणि नस असते त्याहून जास्त आकसलेली भासते. एमआरएत 'ब्लॉक' लिहून आलं म्हणून लगेच हबकू नये.

सगळ्यात बारीक तपशील डीएसएत (डिजिटल सबट्रॅक्शन अँजिओग्राफीत) दिसतो. जांघेतून किंवा मनगटातून नळी मेंदूच्या नसांपर्यंत नेतात आणि औषध कोणत्या नसेत आधी, कोणत्या नंतर पोचतं ते बघतात. नसांचं गुंतागुंतीचं जाळं किंवा फुगा ओळखायला याला तोड नाही. मूळ कल्पना लिस्बनच्या एगाश मोनिश यांची, १९२७ सालची. धोका थोडा, पण खराच: तपासणीतच क्वचित लकवा होऊ शकतो.

विदर्भापुरतं माझं मत विचाराल तर सगळ्यात दुर्लक्षित तपासणी यांतली नाहीच. ती आहे कानशिलावर टेकवायचा डॉपलर. पूर्व विदर्भात सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार, भरपूर, आणि त्याच्या तीव्र प्रकारात लहान मुलांनाही लकवा होतो. नळाच्या पाइपाचं तोंड बोटाने दाबलं की पाणी जोरात उडतं, तसं आकसलेल्या नसेत रक्त धावतं. डॉपलर तोच वेग मोजतो. ना किरण, ना सुई. मोठ्यांत कधी कधी कवटीचं हाड आवाजलहरी अडवतं. मुलांचं हाड पातळ, म्हणून तिथे तो छान चालतो. सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वेग म्हणजे धोका मोठा. अशा मुलांना नियमित रक्त दिलं तर पहिला लकवा ९० टक्क्यांहून जास्त टळतो, असं १९९८ च्या अमेरिकी चाचणीत दिसलं. सिकलसेलच्या मुलांची ही तपासणी दोन वर्षांपासून सोळाव्या वर्षापर्यंत दरवर्षी व्हायला हवी.

दर महिन्याला रक्त मिळवणं दुर्गम गावातल्या आईबापांना किती जड जातं, हे वेगळं सांगायला नको. किमान वर्षभर रक्त दिल्यावर काही मुलांना हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांवर आणता येतं, असं २०१६ च्या चाचणीने दाखवलं. त्याआधी मात्र एमआरए करतात, कारण ज्यांच्या नसा फार खराब झालेल्या नाहीत त्यांनाच हा बदल चालतो.