हेल्सिंगबोर्ग लढाईचे (१७१०) लघुसैन्य रंगवणे

हेल्सिंगबोर्ग लढाईचे लघुसैन्य रंगवणे : स्वीडनच्या दक्षिण टोकाच्या स्कोने प्रांतात १७१० साली स्वीडन आणि डेन्मार्क यांच्यात झालेली लढाई टेबलावर खेळता यावी, म्हणून धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या चिमुकल्या सैनिकांच्या पलटणी रंगवून उभ्या करण्याचा छंद. ऐतिहासिक वॉरगेमच्या जगात रंगकाम ही खेळाची केवळ पूर्वतयारी मानली जात नाही. टेबलावरचा डाव एका दिवसात संपतो, पण त्यासाठीचे सैन्य तयार व्हायला महिने, कधी वर्षे लागतात; शिवाय प्रत्येक कोटाचा रंग ठरवण्याआधी रंगवणाऱ्याला त्या सैन्याचा थोडाफार अभ्यास करावाच लागतो. हेल्सिंगबोर्गच्या बाबतीत हा अभ्यास अधिक अवघड आणि म्हणूनच अधिक रंजक आहे, कारण तिथे उतरलेल्या स्वीडिश सैन्याचा मोठा भाग गणवेशातल्या ठरावीक चित्रात बसत नाही.

ही लढाई उत्तरेकडील महायुद्धातली (१७००–१७२१) होय. १७०९ च्या उन्हाळ्यात पोल्टाव्हा येथे रशियाने स्वीडनच्या मुख्य सैन्याचा धुव्वा उडवला आणि राजा बारावा चार्ल्स ऑटोमन प्रदेशातील बेंडर येथे आश्रयाला गेला. १६५८ च्या रॉस्किल्ड तहाने गमावलेला स्कोने परत मिळवण्याची ही संधी आहे, असे डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने ताडले, आणि नोव्हेंबर १७०९ मध्ये त्याचे सैन्य ओरेसुंडची सामुद्रधुनी ओलांडून हेल्सिंगबोर्गच्या दक्षिणेला उतरले. स्कोनेचा गव्हर्नर मॅग्नुस स्टेनबॉक याने हिवाळ्यात उत्तरेकडच्या स्मोलांड भागात सैन्य गोळा केले आणि फेब्रुवारीअखेर हेल्सिंगबोर्गच्या वेशीवर यॉर्गन रांट्साऊच्या डॅनिश सैन्याला गाठले. दोन्ही बाजूंना सुमारे चौदा-चौदा हजार माणसे होती. मारले गेलेले, जखमी आणि कैदी मिळून डॅनिशांनी जवळजवळ साडेसात हजार माणसे गमावली, तर स्वीडनच्या बाजूचे मृत व जखमी मिळून सुमारे तीन हजार होते. उरलेले डॅनिश सैन्य काही दिवस शहराच्या तटामागे राहिले आणि नेता येणार नाहीत असे हजारो घोडे कापून समुद्रमार्गे परतले.

चौदा हजार माणसे टेबलावर कशी मांडायची, हा पहिला प्रश्न. एका आकृतीमागे वीस माणसे धरली, तर प्रत्येक बाजूला सातशे आणि एकूण चौदाशे आकृत्या रंगवाव्या लागतात. साठ माणसांमागे एक धरली, तर काम पाचशेच्या आत आटोपते. आकृतीची उंची हा दुसरा निर्णय. २८ मिलिमीटरच्या आकृतीवर चेहरा, बटणे आणि बाहीची घडी रंगवता येते, परंतु लढाईचा विस्तार दाखवायला टेबल अपुरे पडते. ६ मिलिमीटरमध्ये सैनिक तांदळाच्या दाण्यापेक्षा फारसा मोठा नसतो, पण दाट ओळी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या की त्या काळची रणांगणे कशी दिसत असतील याची कल्पना इतर कोणत्याही आकारापेक्षा चांगली येते. माझ्या मते ही लढाई, तीतली घोडदळाची मोठी फळी आणि पायदळाच्या लांब रांगा यांमुळे, लहान आकारातच खुलते. लहान आकारात एक पथ्य मात्र पाळावे लागते: मूळ कापड जेवढे गडद, तेवढाच गडद रंग आकृतीवर लावला तर दोन हातांवरून ती काळी दिसते. त्यामुळे निळा रंग मुद्दाम एक-दोन छटा उजळ घेतात.

स्वीडिश सैन्य म्हटले की निळा कोट आणि पिवळ्या बाह्या (इथे बाही म्हणजे मनगटाजवळची दुमडलेली घडी, कफ; अख्खी बाही नव्हे) हे चित्र डोळ्यांसमोर येते. त्यामागे बाराव्या चार्ल्सचा पिता राजा अकरावा चार्ल्स याच्या काळातील सुधारणा आहेत. शेतांचे गट करून प्रत्येक गटाने एक शिपाई पोसायचा अशी व्यवस्था त्याने लावली, आणि त्याच सुमारास सैन्यभर निळ्या गणवेशाचा प्रसार झाला. एकोणिसाव्या शतकात चित्रकार गुस्ताफ सेडरस्ट्रॉम यांच्या बाराव्या चार्ल्सच्या अंत्ययात्रेसारख्या चित्रांनी ही प्रतिमा पक्की केली. तथापि सर्वच रेजिमेंटांच्या बाह्या पिवळ्या नव्हत्या. नेर्के-वेर्मलांड आणि यॉन्शॉपिंग यांच्या बाह्यांसाठी लाल रंग वापरतात. निळ्याची छटा कोणती घ्यावी, यासाठी सर्वांत भरवशाचा आधार स्टॉकहोमच्या राजशस्त्रागार संग्रहालयात आहे. १७१८ मध्ये नॉर्वेतील फ्रेड्रिकस्टेन किल्ल्यासमोरच्या खंदकात गोळी लागून बारावा चार्ल्स पडला, तेव्हा त्याच्या अंगावर असलेला साधा निळा कोट, हातमोजे आणि टोपी तिथे जपून ठेवली आहे. त्यावर कलाबतू नाही, झगमगाट नाही. पितळी बटणे आणि जाड लोकर एवढेच. हा कोट पाहिल्यावर डबीतला चकचकीत निळा जसाच्या तसा वापरावासा वाटत नाही.

मात्र हेल्सिंगबोर्गला जे सैन्य लढले त्यातले बरेचसे पोल्टाव्हानंतर घाईने उभे केलेले होते. जुन्या रेजिमेंटांचे नवे भरती झालेले शिपाई, अनेक गटांनी मिळून पुरवलेल्या माणसांच्या अतिरिक्त पलटणी आणि गावातून आलेले तरुण असा तो मेळावा होता. मेंढीच्या कातड्याचे कोट आणि लाकडी बूट घालून आलेल्या या पोरांना शत्रूने ‘स्टेनबॉकची बकरीवाली पोरे’ म्हणून हिणवले, अशी परंपरा सांगते. ही परंपरा शब्दशः किती घ्यावी, हे रंगवणाऱ्याला स्वतः ठरवावे लागते. एक टोक म्हणजे अख्खे सैन्य निळ्या-पिवळ्यात रंगवणे. दुसरे टोक म्हणजे सगळ्यांना कातड्यात गुंडाळणे. अधिक पटणारा मार्ग मधला आहे: जुन्या नावाच्या रेजिमेंटांत बहुतेक आकृत्या निळ्या ठेवाव्यात, तीस आकृत्यांच्या पलटणीत चार-पाच जण राखाडी किंवा तपकिरी घरच्या लोकरीत दाखवावेत, आणि नव्याने उभारलेल्या पलटणींत हे प्रमाण उलटे करावे. असे सैन्य टेबलावर मांडले की ते कवायतीचे वाटत नाही, हिवाळ्यात कसेबसे जमवलेले वाटते, आणि तेच खरे आहे.

काम गटागटाने होते. दहा-बारा आकृत्या आइसक्रीमच्या काडीवर चिकटवून त्यांवर काळा किंवा राखाडी प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) मारतात. मग एकेक रंग सर्वांवर एकदम लागतो: आधी कोट, मग चामड्याच्या पिवळसर विजारी, मग बाह्या, पट्टे, बंदुकीचे लाकूड, शेवटी चेहरा. यानंतर पातळ तपकिरी वॉश (पाण्यासारखा रंग) आकृतीवर सोडला की तो घड्यांत उतरतो आणि कोट व पट्टा यांच्यामध्ये बारीक गडद रेघ आपोआप उमटते. वॉश पूर्ण वाळल्यावर कोटाच्या खांद्यावर, कोपरावर आणि टोपीच्या काठावर मूळ निळ्यात थोडा पांढरा मिसळून ब्रशचे टोक फिरवतात. ही पायरी घाईची नाही. वॉश ओला असताना उजळ रंग लावला तर तो पसरतो, निळा मळतो आणि पिवळी बाही हिरवट होते. हा हिरवटपणा पुन्हा पिवळा लावून जात नाही, आधी पांढरा थर द्यावा लागतो.

स्वीडिश पायदळाची आणखी एक खूण म्हणजे भाला. इतर सैन्ये तो सोडत असताना स्वीडिश पलटणीत सुमारे एक तृतीयांश माणसे भालाईत असत, कारण त्यांची पद्धत जवळ जाऊन एक-दोन फैरी झाडायच्या आणि मग भाला व तलवार घेऊन अंगावर धावायचे अशी होती. म्हणून वीसास एक या प्रमाणातल्या तीस आकृत्यांच्या पलटणीत दहा भालाईत येतात. भाला सुमारे पाच मीटर लांब होता. २८ मिलिमीटरच्या आकृतीसाठी तो आठ-नऊ सेंटिमीटरचा होतो. साच्यातले मऊ धातूचे भाले वाकतात, त्यामुळे बरेच जण पोलादी तार कापून वापरतात. तिची टोके बोटात घुसतात, म्हणून ती किंचित घासून बोथट करणे श्रेयस्कर.

डॅनिश सैन्य सोपे वाटते आणि तिथेच फसगत होते. त्या काळी डॅनिश पायदळाचा मुख्य कोट राखाडी होता. लाल कोट, जो पुढे डॅनिश शिपायाची ओळख बनला, तो नंतर सर्वत्र रूढ झाला. रेजिमेंट ओळखायची ती बाह्या आणि अस्तर यांच्या रंगावरून. काळा आणि पांढरा मिसळून केलेला राखाडी थंड आणि निर्जीव दिसतो, तर न रंगवलेल्या लोकरीत पिवळसर-तपकिरी ऊब असते. राखाडीत थोडा तपकिरी मिसळला आणि उजळ कडांसाठी शुद्ध पांढऱ्याऐवजी हाडासारखा पांढरा घेतला, तर रांगेतली माणसे दगडाची वाटत नाहीत.

निशाणे शेवटी लावतात, पण दुरून पलटण ओळखली जाते ती त्यांवरूनच. स्वीडिश रेजिमेंटांत पहिल्या कंपनीचे निशाण पांढरे आणि त्यावर राज्यचिन्ह असे. इतर कंपन्यांच्या निशाणांवर प्रांताचे चिन्ह असे. उपलांडचा राजगोल (राजाच्या हातातला क्रूस असलेला गोल), सॉडरमनलांडचा ग्रिफिन (गरुडाचे डोके आणि सिंहाचे धड असलेला काल्पनिक प्राणी), वेस्टरबॉटनचा धावता रेनडिअर ही चिन्हे ज्याला हाताने रंगवता येतात त्याचे कौतुक होते, परंतु कागदावर छापलेले निशाण ओले असतानाच बोटांनी लाटेसारखे वळवले आणि कागदाची पांढरी कड रंगाने झाकली, तर तेही चांगले दिसते.

बेस (आकृत्या ज्यावर उभ्या करतात ती पट्टी) रंगवताना मोह होतो तो सगळीकडे शुभ्र बर्फ पसरायचा. लढाई हिवाळा संपता संपता झाली, सकाळी धुके होते आणि जमिनीत दलदलीचे पट्टे होते. तेव्हा गडद चिखल, सुकलेले पिवळे गवत आणि खाचखळग्यांत उरलेले थोडे पांढरे एवढेच पुरे. खायचा सोडा गोंदात कालवून केलेला बर्फ काही वर्षांत पिवळा पडतो, म्हणून तयार मिळणारी बर्फाची भुकटी वापरावी. सर्वांवर मॅट वॉर्निशचा पातळ हात मारल्यावर बेसच्या मागच्या कडेला पलटणीचे नाव लिहितात. तारीखही लिहायची असेल, तर एक अडचण येते: स्वीडन त्या वर्षांत स्वतःची वेगळीच दिनदर्शिका पाळत होते आणि तिच्यानुसार लढाई २८ फेब्रुवारीची, डेन्मार्कने १७०० मध्येच ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली होती आणि तिच्यानुसार ती १० मार्चची. म्हणून निळ्या पलटणींच्या बेसवर एक तारीख आणि राखाडी पलटणींच्या बेसवर दुसरी लिहिली, तरी दोन्ही बरोबरच ठरतात.