नागपूर उत्तर गोलार्धात आहे हे निसर्गाने ठरवलं, पूर्व गोलार्धात आहे हे माणसांनी

नागपूर २१ अंश उत्तर, ७९ अंश पूर्व, हे आपण शाळेत पाठ करतो, पण यातला 'उत्तर' आणि 'पूर्व' एकाच प्रकारचे नाहीत हे कुणी फारसं सांगत नाही. मला तर भूगोलातली हीच सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून तिला दोन ध्रुव आहेत आणि दोन्हींच्या बरोब्बर मधून विषुववृत्त जातं. ते कुणीही शोधलं तरी तिथेच सापडणार. आपल्या गच्चीवरूनसुद्धा पटतं, रात्री उत्तरेला ध्रुवतारा बघा, क्षितिजापासून साधारण २१ अंश वर दिसतो, तोच आपला अक्षांश. शिवाय कर्कवृत्त आपल्या वर मध्य प्रदेशातून जातं, त्यामुळे मेच्या शेवटी आणि परत जुलैच्या मध्यात एकेका दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली गायब होते (जुलैत ढग नसले तर!). दिल्लीला हे कधीच दिसत नाही.

रेखांशांचं तसं नाही. ध्रुवापासून ध्रुवापर्यंत सगळ्या रेषा सारख्याच, मग शून्य कुठली धरायची? आपले जुने ज्योतिषी उज्जैनची धरायचे, फ्रेंच लोक पॅरिसची. शेवटी १८८४ साली वॉशिंग्टनला २५ देश बसले आणि २२ मतांनी ग्रिनिच ठरलं, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. आणि ही शून्याची रेषा म्हणजे फक्त अर्धं वर्तुळ बरं का, पलीकडची १८० अंशांची रेषा जोडली तेव्हा कुठे पृथ्वीचे पूर्व-पश्चिम दोन भाग होतात.

आता समजा उज्जैनच शून्य राहिलं असतं तर? उज्जैन जवळपास ७५.८ अंशांवर आहे, म्हणजे नागपूर तेव्हाही पूर्व गोलार्धातच, पण मुंबई-पुणे चक्क पश्चिम गोलार्धात गेले असते! नकाशावरचं गाव जागचं हललं नाही आणि गोलार्ध बदलला.

बदलत नाही ते दोन गावांमधलं अंतर. भारताची घड्याळं ८२.५ अंशांवर चालतात, आपण त्याच्या ३.४ अंश पश्चिमेला, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणून नागपूरची खरी दुपार घड्याळातल्या बारानंतर सरासरी १३-१४ मिनिटांनी होते, शून्य ग्रिनिचला धरा नाहीतर उज्जैनला.