कोआलाचा आहार व पचन

कोआला हा पूर्व व आग्नेय ऑस्ट्रेलियातला, झाडावरच आयुष्य काढणारा शिशुधान, म्हणजे पोटाच्या पिशवीत (शिशुधानीत) पिल्लू वाढवणारा सस्तन प्राणी. त्याचे जवळजवळ सगळे खाणे म्हणजे निलगिरीचा पाला. सर्दी झाली की आपण रुमालावर निलगिरीच्या तेलाचे थेंब टाकतो. त्या तेलाला झोंबरा वास देणारे सिनिओल याच पाल्यात असते, शिवाय टॅनिने ही तुरट द्रव्ये आणि इतर विषारी द्रव्ये. प्रथिने थोडी, चोथा फार. बहुतेक प्राणी या पाल्याच्या वाटेला जात नाहीत. कोआला दिवसाला अर्धा ते एक किलो खातो.

निलगिरीच्या ७०० हून अधिक जाती आहेत, पण कोणत्याही एका भागातला कोआला त्यांतल्या मोजक्याच खातो. आग्नेयेकडच्या व्हिक्टोरिया राज्यात मॅना गम ही जात त्याच्या विशेष आवडीची. एकाच जातीच्या दोन शेजारच्या झाडांतही विषाचे प्रमाण कमीजास्त असते, म्हणून तो पान आधी हुंगतो आणि मगच खुडतो. दाढांच्या धारदार कडा ते बारीक कातरतात. म्हातारपणी दाढा झिजल्या की समोर पाला असूनही पोट भरत नाही.

विष निकामी करायचे काम यकृताचे. २०१८ मध्ये कोआलाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा विष मोडणारी विकरे (एन्झाइम) घडवणाऱ्या जनुकांचा एक गट त्याच्यात फार वाढलेला आढळला. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली अंधनाल, म्हणजे एका टोकाला बंद असलेली नळी, सुमारे २ मीटर लांब असते. खुद्द प्राणी एक मीटरही भरत नाही. जाड चोथा लवकर बाहेर पडतो, बारीक कण मात्र कित्येक दिवस आत राहतात आणि जिवाणू ते आंबवतात. एवढे करूनही हाती ऊर्जा थोडीच लागते, म्हणून तो दिवसाचे १८ ते २० तास झोपतो. निलगिरीने त्याला नशा चढते, ही समजूत चुकीची आहे.

हे जिवाणू पिल्लाला आईकडून मिळतात. एरवी कोआलाची लेंडी सुकी, कडक असते. पण पिल्लू साधारण सहा महिन्यांचे झाले की आई अंधनालेतून मऊ, ओलसर, हिरवट विष्ठा सोडते आणि पिल्लू शिशुधानीतून तोंड बाहेर काढून ती चाटून खाते. पाला पचवण्याची त्याची तयारी इथे होते.

ही देणगी नाजूकही आहे. कोआलांना होणाऱ्या क्लॅमिडिया या रोगकारक जिवाणूच्या संसर्गावर प्रतिजैविके द्यावीत, तर आतड्यातले जिवाणूही मरू शकतात आणि रोगातून वाचलेला प्राणी अन्न न पचल्याने दगावू शकतो. २०१३ च्या सुमारास व्हिक्टोरियातल्या केप ऑटवे इथे कोआलांची संख्या इतकी वाढली, की मॅना गमची झाडे ओरबाडली गेली. जवळच मेसमेट जातीची निलगिरी उभी होती, तरी पुष्कळ कोआला उपासमारीने मेले. पुढे संशोधकांनी मेसमेट खाणाऱ्या कोआलांची विष्ठा कॅप्सूलमधून मॅना गम खाणाऱ्यांना दिली. त्यांच्या आतड्यातले जिवाणू बदलले, आणि ज्यांच्यात हा बदल जास्त झाला ते मेसमेटही जास्त खाऊ लागले.