ग्रहांचा वेग: काळ हाती होता, अंतर नव्हते

अंतर भागिले वेळ म्हणजे वेग. ग्रहाची कक्षा वर्तुळ मानली तर अंतर म्हणजे परीघ, 2πr. पृथ्वीसाठी r सुमारे 14.96 कोटी किमी आणि वेळ 365.25 दिवस. भागाकार करून पाहा, सेकंदाला जवळजवळ 29.8 किमी येतात. सातवी-आठवीच्या मुलाला जमेल असे हे गणित करायला माणसाला फार थांबावे लागले, कारण सूत्रातली वेळ ठाऊक होती पण r ठाऊक नव्हता.

ग्रहांचे आवर्तन मोजायला चिकाटीने आकाश पाहणे पुरते, आणि ते काम प्राचीन काळीच चोख झाले होते. अंतराच्या बाबतीत मात्र गृहीतकावर भागवावे लागे. इ. स. 499 च्या ‘आर्यभटीया’त सर्व ग्रह आपापल्या कक्षेत सारख्याच वेगाने चालतात असे मानले आहे. म्हणजे ज्याला फेरीला जास्त वेळ लागतो त्याची कक्षा तितकीच मोठी. अंतर मोजण्याचे साधनच नसताना केलेले हे सुटसुटीत गृहीतक होते. मात्र ते चुकीचे ठरले, आणि कसे ठरले हाच या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग आहे.

कोपर्निकसने 1543 साली सूर्य मध्यभागी ठेवला आणि प्रश्न एकदम शालेय भूमितीचा झाला. शुक्र सूर्यापासून जास्तीत जास्त 46 अंशांच्या आसपास दूर दिसतो. त्या क्षणी सूर्य, शुक्र आणि पृथ्वी यांचा काटकोन त्रिकोण होतो, काटकोन शुक्रापाशी असतो. साइन 46° म्हणजे 0.72. झाले! शुक्राचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या 0.72 पट. मंगळाचा काळ काढणे तर निव्वळ काळ-काम-वेगाचे उदाहरण आहे. गोल मैदानावर वेगवान धावपटूने मागच्याला पुन्हा गाठावे, तशी पृथ्वी मंगळाला सरासरी 780 दिवसांनी गाठते. म्हणून 1/365.25 वजा 1/780 बरोबर 1/T, आणि T येतो 687 दिवस, म्हणजे 1.88 वर्षे. मंगळाचे अंतर पृथ्वीच्या 1.52 पट, म्हणून त्याचा वेग पृथ्वीच्या 1.52 ÷ 1.88, सुमारे 0.81 पट. हेच गणित गुरूसाठी केले तर 0.44 येते. लांबचा ग्रह नुसता मोठी फेरी मारत नाही, तो खरोखरच हळू चालतो.

या मंदावण्यामागचा नियम केप्लरने 1619 साली प्रसिद्ध केला: काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात. त्यातून वेग अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात येतो. शनी साडेनऊपट दूर, म्हणून वेग पृथ्वीच्या जेमतेम तिसरा हिस्सा.

इतके होऊनही हाती गुणोत्तरेच होती, किलोमीटर नव्हते. 1672 साली पॅरिस आणि दक्षिण अमेरिकेतले कायेन इथून एकाच वेळी मंगळ पाहून कॅसिनी आणि रिशेर या खगोलशास्त्रज्ञांनी सूर्याचे अंतर आजच्या मापात सुमारे 14 कोटी किमी काढले. त्यावरून पृथ्वीचा वेग सेकंदाला 28 किमी येतो. 1761 आणि 1769 च्या शुक्र-अधिक्रमणांनी (शुक्र सूर्यबिंबासमोरून जाण्याच्या घटनांनी) आकडा सुधारला, 1961 मध्ये शुक्रावर रडार लहरी आदळवून तो फारच नेमका झाला.

इंग्रज खगोलशास्त्रज्ञ ब्रॅडलीने 1728 च्या सुमारास शोधलेली वाट मला या सगळ्यांत अधिक मोहक वाटते, कारण तिला अंतर लागतच नाही. पृथ्वीच्या चालीमुळे तारे वर्षभरात सुमारे 20 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) इकडेतिकडे सरकलेले दिसतात. एवढ्याशा कोनाचा टॅन सुमारे 1/10,000. म्हणजे पृथ्वीचा वेग प्रकाशाच्या दहा हजाराव्या भागाइतका. पुढे 1849 मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फिझोने जमिनीवरच प्रकाशाचा वेग मोजला, तो सेकंदाला 3 लाख किमीपेक्षा थोडा जास्त आला. त्याला 10,000 ने भागले की पुन्हा तोच आकडा, 30 च्या आसपास.

कक्षा खऱ्या अर्थाने वर्तुळे नाहीत, त्यामुळे ही सगळी उत्तरे सरासरीची. पृथ्वीच्या बाबतीत फरक किरकोळ आहे, 29.3 ते 30.3. बुधाचा वेग मात्र 39 पासून 59 किमीपर्यंत बदलतो, तिथे वर्तुळाचे सूत्र जपूनच वापरावे.