ग्राउंडच्या तारेतली घरघर

घरी जोडलेला व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळीचा) प्रीॲम्प, म्हणजे बारीक सिग्नल मोठा करणारी पेटी, पहिल्यांदा चालू केला की गाण्याच्या आधी बहुधा घरघर ऐकू येते. मलाही तीच ऐकू आली आणि मी पहिला संशय व्हॉल्व्हवर घेतला. नवा १२एएक्स७ व्हॉल्व्ह बसवला. फरक नाही. इनपुटची पिन थेट ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या सामाईक तारेला जोडली, म्हणजे बाहेरून काही येण्याचा प्रश्नच मिटला. तरीही घरघर चालूच. मग फोनवरच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये पाहिलं, तर शिखरं १००, २०० आणि ३०० हर्ट्झवर उभी होती. ५० हर्ट्झवर जवळजवळ काही नव्हतं.

इथेच अर्धं निदान झालं. वीज ५० हर्ट्झची असेल, तर व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या तारांमधून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून शिरणारी गुणगुण मुख्यतः ५० हर्ट्झची असते. एसीची डीसी करणारा रेक्टिफायर मात्र प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्ध वापरतो, त्यामुळे त्याची खूण १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत उमटते. माझा चोर पॉवर सप्लायमध्ये होता.

तो नेमका कुठे, हे समजायला ट्रायोड, म्हणजे तीन टोकांचा व्हॉल्व्ह, कसा चालतो ते पाहू या. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, २५० व्होल्टच्या आसपासची प्लेट त्यांना ओढते आणि मधली ग्रिड त्यांना कमीजास्त अडवते. या ग्रिडचं पेटंट अमेरिकन संशोधक ली डी फॉरेस्ट यांना १९०८ साली मिळालं. ग्रिड आणि कॅथोड यांच्यात जो व्होल्टेजचा फरक असेल, तोच व्हॉल्व्ह मोठा करतो. तो फरक गाण्याचा आहे की कचऱ्याचा, हे त्याला कळत नाही.

आता ग्राउंडची तार. सर्किटच्या नकाशावर ती शून्य व्होल्टची सरळ रेघ असते. प्रत्यक्षात अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या, फूटभर तांब्याच्या तारेला सुमारे ०.०१ ओहम रोध असतो. प्रीॲम्प सरासरी २० मिलिॲम्पिअर खात असला, तरी रेक्टिफायरनंतरचा पहिला मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) सावकाश भरत नाही. व्होल्टेज शिखराजवळ आलं की तो क्षणभर गटकन करंट ओढतो आणि उरलेला वेळ गप्प बसतो. हा झटका सहज २०० मिलिॲम्पिअरपर्यंत जातो, सेकंदाला १०० वेळा. गुणाकार करा: ०.२ गुणिले ०.०१, म्हणजे २ मिलिव्होल्ट. रेकॉर्ड प्लेअरच्या मूव्हिंग मॅग्नेट सुईचा सिग्नलच ५ मिलिव्होल्टच्या आसपास असतो!

मी ट्रान्सफॉर्मरची परतीची तार इनपुट सॉकेटजवळच्या ग्राउंडला डाग देऊन टाकली होती, भोक जवळ होतं म्हणून. कॅथोडचा रेझिस्टर मात्र फूटभर पुढे ग्राउंडला मिळत होता. त्यामुळे झटके या फूटभर तारेतूनच परतत होते आणि हे २ मिलिव्होल्ट नेमके ग्रिड आणि कॅथोड यांच्यामध्ये येऊन बसले. व्हॉल्व्हने इमानेइतबारे ते ५० पट केले.

उपाय एका तारेचा होता. परतीची तार सोडवून थेट पहिल्या कपॅसिटरच्या ऋण टोकावर नेली. झटके आता ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि कपॅसिटर एवढ्याच वळशात फिरतात. त्या ऋण टोकापासून एकच तार पुढे ग्राउंडला जाते आणि तिच्यात झटके नाहीत. घरघर गेली.

हे करताना दोन गोष्टी जिवाच्या आहेत. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये २५० व्होल्ट राहू शकतात, म्हणून ते रेझिस्टरमधून उतरवून मीटरने तपासल्याशिवाय आत हात घालू नये. आणि गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची तार कापायचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नये. त्याने मूळ दोष तसाच राहतो आणि चासीत, म्हणजे धातूच्या पेटीत, वीज उतरून जिवाला धोका होऊ शकतो.

महागड्या पॉवर केबलने आवाज 'शुद्ध' होतो म्हणणाऱ्यांचाही मला राग येतो. झटके पेटीच्या आतल्या तारेत जन्मतात. बाहेरच्या केबलला सोन्याचा मुलामा दिला म्हणून ते थांबत नाहीत.

घरघर गेल्यावर मागची बारीक सळसळ ऐकू येऊ लागली. ती रेझिस्टरमधल्या इलेक्ट्रॉनच्या उष्णतेच्या हालचालीची असते. जॉन्सन या संशोधकांनी ती मोजली आणि नायक्विस्ट या संशोधकांनी तिचं गणित मांडलं, दोघांचे लेख १९२८चे. एक लाख ओहमच्या रेझिस्टरवर, २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, खोलीच्या तापमानाला ती सुमारे ६ मायक्रोव्होल्ट भरते. कार्बनचे रेझिस्टर, त्यांतून करंट वाहत असताना, त्यात स्वतःची खरखर आणखी मिसळतात. प्लेटला जोडलेला कार्बनचा रेझिस्टर बदलून मेटल फिल्मचा लावला, तशी सळसळ बरीच खाली बसली.